उभे राहण्याची जागा

नगररचनेच्या नियमांत एका मोटारीला उभे राहण्यासाठी साधारणपणे २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरलेली असते. हे क्षेत्रफळ १२.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३४ चौरस फूट भरते. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना या आकड्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची असते. अशा एकेका खोलीत आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडे राहिली. स्वयंपाक, मोरी, आजारपण, पाहुणेरावळे आणि परीक्षेचा अभ्यास हे सगळे त्या चार भिंतींनी सामावून घेतले. त्या खोलीचे भाडे दरमहा मोजावे लागे, आणि थकले तर मालकाचा माणूस दारात येऊन उभा राही. आज त्याच वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीसमोर, त्या बिऱ्हाडाहून थोडी अधिकच जागा व्यापून, एक मोटार सार्वजनिक रस्त्यावर रात्रंदिवस उभी असते. त्या जागेपोटी कोणी कोणाला काही देत नाही.

मोटारवाल्याला खजील करण्याचा माझा हेतू नाही. मोटार माझ्या घरीही आहे. आईच्या अखेरच्या काळात तिला डायलिसिससाठी न्यावे-आणावे लागे, तेव्हा त्या वाहनाचे उपकार मी अनुभवले आहेत. तरीही आयुष्याचा मोठा भाग सायकलवरून हिंडण्यात गेल्यामुळे एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. शहरातील जागेचे वाटप नेमके कोणत्या न्यायाने होते? रस्त्यावरच्या तंट्याची चर्चा आपण नेहमी वेगाच्या अंगाने करतो. कोणी कोणाला वाट द्यावी, कोण आडवा आला, सिग्नल कोणी मोडला, यांवर आपले सगळे बोलणे होते. माझ्या मते हा तंटा धावण्याचा कमी आणि थांबण्याचा अधिक आहे. डोनाल्ड शूप या अमेरिकी अभ्यासकाने २००५ साली केवळ फुकट पार्किंग या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मोटार आपल्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ उभीच असते, हे निरीक्षण त्याच्या मांडणीच्या मुळाशी आहे. ती जागा फुकट भासली तरी तिची किंमत कोणीतरी भरत असतो, आणि ज्याच्याकडे मोटारच नाही तोही त्या भरणाऱ्यांत असतो, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे.

पुणे हे सायकलींचे शहर होते, त्या काळाविषयी आता फार हळवेपणाने लिहिले जाते. तो हळवेपणा मला पटत नाही. आमच्या वाड्यात सायकली दिंडीदरवाजाच्या आतल्या बोळात एकमेकींवर रेललेल्या असत. सकाळी घाईच्या वेळी आपली सायकल काढावी, तर शेजाऱ्याच्या सायकलीचे पायडल आपल्या चाकाच्या आऱ्यांत अडकलेले असे, आणि ते सोडवताना रोज थोडी कुरबुर होई. सायकलीवर कर होता. तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणाला डबलसीट घेतले, तर चौकातला हवालदार शिट्टी मारून बाजूला घेई. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीची पाळी सुटली की मुंबई रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागे. त्या लोंढ्यातील बहुतेकांनी सायकल तत्त्व म्हणून स्वीकारलेली नव्हती. दुसरे काही परवडत नव्हते, एवढेच. परवडू लागताच त्यांनी ती सोडली आणि त्यात वावगे काही नव्हते.

शिवाय पुण्यात सायकलीला मोटारीने हरवले, हेही पूर्ण खरे नाही. १९७२ च्या सुमारास कायनेटिकची लूना आणि आकुर्डीच्या कारखान्यातली बजाज चेतक बाजारात आल्या. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. लूनाने नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या हाती जे स्वातंत्र्य दिले, त्याचे मोल पुरुषांनी लिहिलेल्या आठवणींत क्वचितच दिसते. सायकलीची जागा आधी या दुचाक्यांनी घेतली. मोटारींची खरी गर्दी झाली ती १९९१ नंतर, सुलभ हप्त्यांच्या कर्जांबरोबर. तोपर्यंत शहर हिंजवडी-खराडीच्या दिशेने पसरू लागले होते, घर आणि काम यांतील अंतर पायडल मारण्याच्या टप्प्याबाहेर जात होते आणि बससेवा त्या प्रमाणात वाढत नव्हती. हे सगळे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. सायकल मागे पडण्याला सबळ कारणे होती. ज्यांनी ती सोडली नाही किंवा ज्यांना ती सोडता आली नाही, त्यांना रस्त्यावरून पुसून टाकण्याला मात्र कोणते कारण होते, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

ही पुसून टाकण्याची क्रिया कशी घडते, ते मी जवळून पाहिले आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथे सायकलस्टँड होता. वर लांबलचक पत्र्याचे छप्पर, खाली पुढचे चाक अडकवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांच्या खाचा, आणि तोंडाशी स्टुलावर बसलेले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणत. त्यांच्याजवळ पत्र्याच्या बिल्ल्यांच्या जोड्या असत. एक बिल्ला हँडलला अडकवायचा, त्याच क्रमांकाचा दुसरा आपल्या खिशात ठेवायचा. बिल्ला हरवला तर मामा संध्याकाळी शेवटची सायकल बाहेर पडेपर्यंत थांबवून घेत, मग तुम्ही पहिल्या वर्षाचे विद्यार्थी असा की विभागप्रमुख. पुढे ते छप्पर उतरवले गेले. त्या जागी पिवळे पट्टे आखले आणि भिंतीवर पदनामे रंगवली. सायकली आता कुठे लावायच्या, हे विचारायला मी कार्यालयात गेलो. समोरचे अधिकारी सज्जन होते. मला टाळण्याचा त्यांचा विचार नव्हता. ते खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाले, “सर, सायकल काय, कुठेही लागते.”

त्या उत्तरात तुच्छता नव्हती, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिले. सायकलीला जागा थोडी लागते, ही तिची सोय आहे. आणि तीच सोय तिला जागा न देण्याचे कारण ठरली होती. मोटार जागेवाचून राहू शकत नाही. तिला जागा दिली नाही तर ती फाटक अडवते, रुग्णवाहिकेची वाट रोखते, तक्रारी येतात, बैठका होतात, आराखडे काढले जातात. सायकल अडवत काहीच नाही. ती झाडाला टेकते, कुंपणाला लटकते, जिन्याखाली सरकते. व्यवस्थेचे लक्ष अडथळ्याकडे जाते, म्हणून जो अडथळा होत नाही तो व्यवस्थेच्या हिशोबातच येत नाही. गरज कमी असणे आणि हक्क कमी असणे या दोन गोष्टी अशा नकळत एक होतात. अर्थसंकल्पांत, कचेऱ्यांत आणि घरांतही हाच न्याय चालतो असे मला दिसत आले आहे. पण रस्त्यावर तो मीटरने मोजता येतो, इतकाच फरक.

पेठांतल्या रस्त्यांकडेच पाहावे. वाडा पाडून इमारत बांधताना पुढची पट्टी रस्तारुंदीसाठी सोडावी लागते. सगळे वाडे एकाच वेळी पडत नाहीत. त्यामुळे रस्ता एका इमारतीपुढे ऐसपैस, शेजारच्या वाड्यापुढे पुन्हा चिंचोळा, असा दातेरी झाला. या सुट्या पट्ट्या वाहतुकीच्या उपयोगाच्या नव्हत्या, कारण चार पावलांवर रस्ता पुन्हा अरुंद होई. त्या उभ्या मोटारींनी भरल्या. रुंदीकरणासाठी एखाद्या कुटुंबाने आपला ओटा, अंगण, कधी प्राजक्ताचे झाड दिले, ते सार्वजनिक वहिवाटीसाठी दिले अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती जागा पुन्हा खासगी वापरात गेली, फक्त वापरणारा बदलला. एका दिवशी एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला वाहने लावण्याची पी-१, पी-२ ची पद्धत पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे. तिच्यातील मूळ गृहीतकाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. रस्त्याची एक बाजू उभ्या वाहनांचीच आहे, ती कोणती एवढेच तारखेने ठरवायचे, असे ते गृहीतक आहे.

अशा रस्त्यावरून सायकल नेणाऱ्याच्या वाट्याला डावीकडे उभ्या मोटारींची रांग आणि उजवीकडे धावती वाहने यांच्यामधली दोन-अडीच फुटांची फट येते. त्या फटीतून जाताना डोळे रस्त्यावर नसतात. पुढच्या प्रत्येक मोटारीच्या मागच्या काचेतून चालकाच्या आसनावर डोके दिसते आहे का, हे ते शोधत असतात. डोके असेल तर दार कोणत्याही क्षणी उघडू शकते. आसनाच्या उशीला माणसाचे डोके समजून विनाकारण ब्रेक दाबला जातो, आणि मग मागचा स्कूटरवाला त्याबद्दल चार शब्द ऐकवतो. बाजूच्या आरशात चेहरा दिसला तर घंटी वाजवायची. पुढचे चाक रस्त्याकडे वळलेले दिसले तर गाडी निघण्याच्या बेतात आहे असे धरून चालायचे. ही विद्या कोणी शिकवत नाही, ती अंगात मुरते. या सर्व सावधगिरीचा भार उचलतो तो, ज्याच्यापासून कोणालाही फारसा धोका नाही. दार उघडणाऱ्याने क्षणभर मागे वळून पाहणे हे त्याचे कर्तव्य आहे, हे कागदोपत्री सर्वांना मान्य आहे. पण ज्याच्या कर्तव्यच्युतीची शिक्षा दुसऱ्याच्या हाडांना होते, त्याला त्या कर्तव्याची आठवण राहणे कठीणच असते.

प्रयत्न झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. रस्त्यावरील जागेचे वाटप करताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार व्हावा, हे केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने स्वच्छ शब्दांत मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा, प्रयोग सुरू झाला आणि त्या रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधले गेले. मी त्यांवरून बराच हिंडलो आहे. विजेचा डीपी, बसथांबा, झाडाचा पार आणि रसवंतीचे गुऱ्हाळ यांना वळसे घालत जाणारी ती वाट चौक आला की अचानक संपे. मोटारी शिरू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवले, तर काही ठिकाणी ते इतके जवळजवळ होते की सायकलीचे हँडलही त्यांतून पार होईना. आणि जिथे खांब नव्हते तिथे मोटारी होत्या. २०१७ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवरून घ्यायच्या भाड्याच्या सायकली रंगीबेरंगी थव्यांनी अवतरल्या. दोन-तीन वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. काहींची मोडतोड झाली, काही नदीपात्रात सापडल्या. पुणेकरांना शिस्त नाही, असे निदान तेव्हा सर्रास केले गेले. मला ते अपुरे वाटते. सायकली आणणे सोपे होते, कारण त्यासाठी कोणाकडून काही काढून घ्यावे लागत नव्हते. त्यांना निर्वेध रस्ता द्यायचा तर उभ्या मोटारींकडून तो घ्यावा लागला असता.

ते घेणे किती अवघड आहे, याचा प्रत्यय २०१८ च्या मार्चमध्ये आला. रस्त्यावर वाहन लावण्यासाठी शुल्क आकारण्याचे धोरण पालिकेच्या सभेत मंजूर झाले. त्याविरुद्ध इतकी ओरड झाली की ते प्रथम मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित झाले आणि पुढे तिथेही रेंगाळले. वाहन घेताना आम्ही कर भरलेला आहे, मग पुन्हा पैसे कशाचे, असा विरोधकांचा मुख्य सवाल होता. तो सरसकट खोटा ठरवण्यासारखा नाही. ज्या शहरात बसची वाट पाहण्यात सकाळ जाते, तिथे मोटार घेणाऱ्यावर चैनीचा आरोप करता येत नाही, आणि उद्या शुल्क घेतले तरी त्यातून बस वाढतील याची खात्री कोणी द्यावी? तरीसुद्धा त्या युक्तिवादात एक पायरी गाळलेली आहे. वाहनावरचा कर ते रस्त्यावर आणण्याबद्दल आहे. नगरातील सर्वांत महाग जमिनीचा १३४ चौरस फुटांचा तुकडा कायम आपल्या ताब्यात ठेवण्याचा अधिकार त्यात अनुस्यूत आहे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. जपानने १९६२ मध्येच कायदा करून मोटारमालकावर गाडी ठेवण्यासाठी रस्त्याबाहेरची जागा असण्याचे बंधन घातले. तेथे मोटार नोंदवताना अशी जागा असल्याचा पोलिसांचा दाखला सर्वसाधारणपणे दाखवावा लागतो. जपानी माणसाला मोटार कमी प्रिय आहे असे कोणी म्हणणार नाही. मोटारी बनवण्यात तर तो देश अग्रेसर आहे. आपली वस्तू ठेवण्याची जबाबदारी आपली, एवढी साधी गोष्ट त्यांनी कायद्यात उतरवली.

मोटारीने वेळ वाचतो, हा दुसरा युक्तिवाद. इव्हान इलिच या विचारवंताने ‘एनर्जी अँड इक्विटी’ या १९७४ च्या पुस्तिकेत एक अस्वस्थ करणारा हिशोब मांडला होता. अमेरिकी माणूस मोटारीत बसण्यात, ती उभी करण्यात आणि तिचा खर्च भागवण्यासाठी राबण्यात मिळून वर्षाला १,६०० तास घालवतो आणि तेवढ्यात ७,५०० मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी. हा हिशोब थोडा चलाखीचा आहे हे मला ठाऊक आहे, आणि आईला घेऊन रुग्णालय गाठताना तो माझ्या मनातही आला नसता. पण एरवीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या आसपास जागा शोधत तीन फेऱ्या घालणाऱ्या माणसाला तो ऐकवला, तर त्याला तो अगदीच परका वाटणार नाही.

युरोपातल्या सायकलींचे कौतुक झाले की, ‘त्यांचे हवामान वेगळे, त्यांची संस्कृती वेगळी,’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले शेकड्यांनी होती. त्या देशातही तोवर चौक मोटारींनी भरले होते आणि सायकल हटत चालली होती. मुलांचे मृत्यू थांबवा, अशी मागणी घेऊन लोक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्याला बळ दिले. आज युट्रेख्टच्या रेल्वे स्थानकाखाली सुमारे साडेबारा हजार सायकली ठेवता येतात. तेथील पाऊस आपल्याहून सौम्य असेल, पण वारा चांगलाच बोचरा असतो. जिला आपण त्यांची संस्कृती म्हणतो, ती जागेविषयीच्या भांडणातून उभी राहिली आहे.

आपल्याकडे आता सायकल चालवते कोण? पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या दिशेने जाणारे हौशी लोक दिसतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण दुपारी दोन वाजता, उन्हात, हँडलला डबा लटकवून जाणारा माणूस निराळा असतो. आमच्या सोसायटीचा सुरक्षारक्षक त्यांतला. मोटारींना शिट्टी वाजवून आत-बाहेर काढणे, पाहुण्यांच्या गाड्यांचे क्रमांक वहीत टिपणे, कोणी दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली तर वर फोन करणे, असे त्याचे काम. त्याची स्वतःची सायकल फाटकाबाहेर डीपीच्या जाळीला साखळीने बांधलेली असते, कारण आत नेमून दिलेल्या जागांखेरीज कुठेही काही लावू नये असा नियम आहे. पावसाळ्यात तो सीटवर दुधाची रिकामी पिशवी चढवतो. बारा तास दुसऱ्यांच्या उभ्या वाहनांची राखण करताना त्याचे स्वतःचे वाहन कोणाच्याच राखणीत नसते. यात त्याला काही विपरीत वाटत असेल असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत नाही. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या हो सर, तिला काय होतंय तिथं.”

गेल्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला. पाहुण्यांच्या मोटारींसाठी राखलेल्या तीन जागांपैकी एक सायकलींना द्यावी. तिच्यात दहा सायकली सहज मावतात. आणि सभासदांबरोबर इथे कामाला येणाऱ्यांनाही ती वापरता यावी. चर्चा अपेक्षेपेक्षा लांबली. चार सायकलींसाठी एवढी जागा कशाला, असे एकांनी विचारले. बाहेरच्यांच्या सायकली आत आल्या तर सुरक्षेचे काय, अशी शंका दुसऱ्यांनी काढली. ती सुरक्षारक्षकाच्या सायकलीविषयी होती, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. एका बाईंचा आक्षेप मात्र वजनदार होता. मुले मोठी झाली की त्यांच्या सायकली वर्षानुवर्षे गंजत पडतात आणि मग त्या जागेची अडगळ होते, असे त्या म्हणाल्या. शेवटी अध्यक्षांनी मला अदबीने विचारले, “सर, तुमचं पटतंय, पण पाहुणे आले तर त्यांनी गाडी लावायची कुठे?” मी म्हणालो, “बाहेर. आज सायकली लावतात तिथेच.” ठराव थोड्या मतांनी फेटाळला गेला. पुढच्या सभेपुढे तो पुन्हा ठेवावा, असे पत्र मी सचिवांना दिले आहे. गंजलेल्या आणि बेवारस सायकली दर सहा महिन्यांनी हलवण्याचे कलम या वेळी त्यात घातले आहे, कारण त्या बाईंचे म्हणणे बरोबर होते.